डलिचचं खोपट: जिथे कोणी जेवलंच नव्हतं

१ नोव्हेंबर २०१७ या दिवशी ट्रिपॲडव्हायझर या, लोकांचे रिव्ह्यू छापणाऱ्या संकेतस्थळावर लंडनमधल्या रेस्टॉरंटांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर 'द शेड ॲट डलिच' हे नाव होतं. यादी अठरा हजारांहून अधिक ठिकाणांची. आणि या पहिल्या क्रमांकाच्या ठिकाणी तोवर एकाही गिऱ्हाईकाने एक घाससुद्धा खाल्लेला नव्हता. तिथे आचारी नव्हता, भटारखाना नव्हता, वाढायला ताटल्याही नव्हत्या. दक्षिण लंडनच्या डलिच भागातल्या एका घरामागे एक लाकडी खोपट होतं आणि त्यात ऊबा बटलर नावाचा तरुण पत्रकार राहत होता, एवढंच खरं.

बटलरने डिसेंबर २०१७ मध्ये 'व्हाइस' या ऑनलाइन नियतकालिकात सगळी हकीकत स्वतःच लिहिली, व्हिडिओही दाखवला, आणि ती जगभर गेली. गेली ती हसत हसत. शहरातले शौकीन कसे फसले, नाव झालं की लोक कसे धावतात, या सुरात. मला या प्रकरणात हसण्यासारखं फार थोडं दिसतं. ज्यांनी त्या खोपटात फोन केले ती काही बावळट माणसं नव्हती. बाहेर जेवायला जायचं ठरवणारा कुठलाही माणूस जे करतो तेच त्यांनी केलं: आधी जाऊन आलेल्यांना विचारलं. अनोळखी जागी पैसे टाकण्याआधी दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबणं यात मूर्खपणा काहीच नाही, उलट शहाणपणाच आहे. त्या विसंबण्याला कुठे कुठे आणि कसा सुरुंग लागला, ते टप्प्याटप्प्याने बघावं म्हणून हे प्रकरण मी इथे मांडते आहे.

दहा पौंडांचं मत

लेखक म्हणून जम बसवण्याच्या धडपडीत असताना बटलरने एक काम केलं होतं. रेस्टॉरंटचे मालक त्याला एका रिव्ह्यूमागे दहा पौंड द्यायचे आणि तो तिथे पाऊलही न टाकता जेवण किती अप्रतिम होतं ते लिहून टाकायचा. मग त्या जागांचं रेटिंग वर सरकताना बघायचा. या व्यवहारात त्याने एक गोष्ट आतून पाहिली. वाचणाऱ्याला 'शंभर लोक सांगतात' असं वाटत असतं, तेव्हा त्यातले काही आवाज विकत घेतलेले असू शकतात आणि बाहेरून बघणाऱ्याला ते वेगळे काढता येत नाहीत.

यापुढे त्याला पडलेला प्रश्न साधा होता. खोट्या रिव्ह्यूंनी बरी जागा चांगली दिसते, सुमार जागा बरी दिसते. मग जी जागा नाहीच, ती दिसेल का?

मांडणी

एप्रिल २०१७ मध्ये त्याने दहा पौंडांचा एक साधा फोन घेतला, म्हणजे लिस्टिंगसाठी, ट्रिपॲडव्हायझरवरच्या नोंदीसाठी, नंबर झाला. पत्त्याची अडचण होती. पूर्ण पत्ता दिला तर कोणीही दारात येऊन उभं राहिलं असतं. म्हणून त्याने फक्त रस्त्याचं नाव टाकलं आणि जोडीला लिहिलं: केवळ आधी वेळ घेऊनच प्रवेश. माझ्या मते सगळं प्रकरण या एका ओळीवर उभं आहे. खोटं लपवण्यासाठी केलेली ही सोय होती, पण वाचणाऱ्याच्या नजरेत तिचा अर्थ उलटा झाला. पत्ता नाही म्हणजे प्रसिद्धी नको असलेली, निवडक लोकांना ठाऊक असलेली जागा. ज्या गोष्टीने संशय यायला हवा होता, तिनेच भाव वाढवला.

मग वेबसाइट आली आणि मेन्यू आला. मेन्यूत पदार्थांची नावं नव्हती, मनाच्या अवस्था होत्या. वासना, चिंतन, आनंद, दिलासा अशा. 'दिलासा' मागवला तर मॅकरोनी आणि चीज मिळणार होतं, पण ते सहाशे धाग्यांच्या इजिप्शियन सुती कापडाच्या वाडग्यात. जरा थांबून हे वाक्य पुन्हा वाचावं. वितळलेलं चीज कापडात वाढायचं म्हणजे नेमकं काय करायचं? ते झिरपणार नाही का? चमचा कशाला लागणार? एरवी हे प्रश्न कोणालाही पडले असते. पण महागड्या जागांच्या मेन्यूंनी आपल्याला अशी सवय लावली आहे की पदार्थ समजला नाही तर कमीपणा आपला, त्यांचा नाही. 'सहाशे धागे' हा आकडा चादरींच्या दुकानातला. तो ताटलीत आला तरी खटकला नाही, कारण आकडा आणि देश, दोन्ही उंची वाटणारे होते.

फोटोंची गोष्टही अशीच. दाढीच्या फेसाचे नाजूक गोळे सायीसारखे दिसले. ब्लीचची गोळी आणि रंग फासलेला स्पंज हे ताटलीत नीट मांडून, वर जरा हिरवा पाला टाकून पक्वान्न झाले. एका फोटोत अंडं ज्या मांसावर टेकलेलं दिसतं, ते मांस म्हणजे बटलरचं स्वतःचंच पाऊल आहे. फोटो इतक्या जवळून घेतलेला की आजूबाजूचं काही दिसत नाही. आता कुठल्याही गाजलेल्या जागेचे फोटो काढून बघा. तेही असेच असतात. टेबल दिसत नाही, शेजारचा माणूस दिसत नाही, वाढप किती आहे ते कळत नाही. पदार्थाला वास नाही, चव नाही, आकारही अंदाजाचाच. त्या फोटोतून आपण जेवणाबद्दल जे ठरवतो ते सगळं आपलं स्वतःचं घातलेलं असतं.

१८,१४९ ते १

५ मे २०१७ ला लिस्टिंग मंजूर झालं. सुरुवातीचा क्रमांक १८,१४९, म्हणजे यादीत सगळ्यात खाली. बटलरने मित्रमंडळींना रिव्ह्यू लिहायला सांगितलं. एकाच कॉम्प्युटरवरून ढिगाने आलेले रिव्ह्यू पकडायची यंत्रणा ट्रिपॲडव्हायझरकडे आहे, म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरून, आपापल्या फोनवरून लिहिलं. ऑगस्टअखेर क्रमांक १५६ झाला. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला १.

हे कसं झालं यात जादू काही नाही. ट्रिपॲडव्हायझर सांगतं त्याप्रमाणे क्रमांक ठरतो तो रिव्ह्यू किती चांगले, किती ताजे आणि किती, यावर. खऱ्या जागेचं गणित बघा. रोज दोन पाळ्या चालवणाऱ्या जागेत कधी डाळ खाली लागते, कधी वेटर दांडी मारतो, कधी गिऱ्हाईकच घरून भांडून आलेलं असतं. शे-दोनशे रात्रींतून दहा वाईट रात्री निघतातच आणि त्या दहा रात्रींचे रिव्ह्यू हटकून लिहिले जातात. खोपटात वाईट रात्र येणंच शक्य नव्हतं. जेवण कधी झालंच नाही, तेव्हा ते बिघडणार कुठून? पैकीच्या पैकी गुण मिळवायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे अशी जागा, जिथे काहीच घडत नाही. म्हणूनच ज्या जागेला एकही तक्रार नाही तिच्याबद्दल मला आता जास्त जपून राहावंसं वाटतं. थोडी कुरकुर असलेली जागा निदान चालू आहे, लोक तिथे खरोखर बसतात, एवढं तरी त्यातून कळतं.

'सहा आठवडे जागा नाही'

मग एक दिवस फोन वाजला. पलीकडच्या माणसाने खूप ऐकलंय म्हणून सांगितलं आणि आज रात्री एखादं टेबल मिळेल का असं विचारलं. बटलर गडबडला. तोंडाला आलं ते बोलला: सहा आठवडे सगळं फुल आहे. आणि फोन ठेवून दिला.

पुढे फोन वाढतच गेले. कित्येक आठवडे, महिने आधी तारीख मागणारे लोक निघाले. नमुन्याचा माल फुकट पाठवणाऱ्या कंपन्या आल्या, नोकरी मागणारे आले, ऑस्ट्रेलियातल्या एका निर्मिती संस्थेला चित्रीकरण करायचं होतं. रस्त्यावर लोक खोपट शोधत फिरू लागले. एका दिवसात ८९,००० वेळा शोधात हे नाव लोकांसमोर आल्याचं ट्रिपॲडव्हायझरनेच त्याला कळवलं.

इथे एक भेद मला महत्त्वाचा वाटतो आणि हकीकत सांगताना तो नेहमी निसटतो. रिव्ह्यू खोटे होते, ते मोजक्या मित्रांनी लिहिले. पण फोन खरे होते. शोधणारी माणसं खरी होती, त्यांची हुरहूर खरी होती. ज्याला सहा आठवड्यांनी या म्हणून सांगितलं, तो माणूस ऑफिसात, मित्रांत काय सांगणार? 'अरे, तिथे टेबलच मिळत नाही.' यात तो एक अक्षर खोटं बोलत नाही. आणि तरी त्याचं हे खरं वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात जाऊन साक्ष होऊन बसतं: जागा मिळत नाही, म्हणजे लोक जातात, म्हणजे जेवण चांगलं. एका मर्यादेनंतर बटलरला खोटं बोलायची फारशी गरजच उरली नाही. ते काम प्रामाणिक माणसांच्या प्रामाणिक निराशेने केलं.

हा मनाचा खेळ नवा नाही. १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीफन वर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. काहींना दहा बिस्किटांच्या बरणीतलं बिस्किट दिलं, काहींना फक्त दोन असलेल्या बरणीतलं. बिस्किट तेच. दोनवाल्या बरणीतलं बिस्किट लोकांना अधिक हवंसं वाटलं आणि अधिक मोलाचंही वाटलं. बरणीत आधी दहा होती आणि डोळ्यांसमोर दोनच उरली, तर ओढ आणखी वाढली. आणि कमी उरण्याचं कारण 'इतरांनी नेली' असं सांगितलं तेव्हा ती सगळ्यात जास्त झाली. पण यातला सगळ्यात बोलका भाग वेगळाच आहे. चव विचारली, तर दुर्मीळ बिस्किटाला चवीचे गुण जास्त मिळाले नाहीत. हवंसं वाटणं वाढलं, चविष्ट लागणं वाढलं नाही. गाजलेल्या जागेसमोरची रांग बघताना आपण या दोन गोष्टी एकच धरतो. रांग सांगते की लोकांना हवंय. ते खाऊन त्यांना कसं वाटलं, हे रांग सांगत नाही, कारण रांगेतला माणूस अजून जेवलेलाच नाही.

एका रात्रीचं जेवण

पहिला क्रमांक मिळाल्यावर बटलरने ठरवलं, एक रात्र उघडायचं. नोव्हेंबरमध्येच ते झालं. सुपरमार्केटातली स्वस्त, मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची तयार पाकिटं आणली: मिनेस्ट्रोन सूप, लझानिया, आणि मेन्यूत 'दिलासा' म्हणून मिरवणारं मॅकरोनी-चीज. वर जरा पानंफुलं टाकून ती सजवली. एक मित्र स्वयंपाकाला उभा राहिला. काही मित्र खुशीत जेवणाऱ्या गिऱ्हाइकांचं सोंग घेऊन टेबलांवर बसले. आणि एक डीजे होता, त्याचं काम गाणी वाजवणं नव्हतं. भटारखान्यातले आवाज, भांड्यांचा खणखणाट, तव्यावरचा चर्र आवाज तो वाजवत राहिला, म्हणजे मायक्रोवेव्हची 'टिंग' कोणाच्या कानावर पडू नये.

पहिले पाहुणे कॅलिफोर्नियाहून आलेलं एक जोडपं. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना परसातून आत नेलं. परक्या शहरात, अंधारात, थंडीत, डोळे बांधून अनोळखी माणसाचा हात धरून चालायचं. एरवी कोणी तयार झालं असतं का? यादीत पहिला क्रमांक दिसल्यावर ती भीती 'अनुभव' झाली. मला हे चित्र फार लागतं. कारण विश्वास म्हणतात तो नेमका हाच, आणि तो त्या दोघांनी बटलरवर टाकला नव्हता. त्याला तर ते ओळखतही नव्हते. तो टाकला होता आपल्यासारख्याच, आधी जेवून गेलेल्या, पण मुळात नसलेल्या माणसांवर.

त्या रात्री सगळेच खूश झाले असं नाही. पण काही जण झाले. निघताना एका टेबलवरून प्रश्न आला, की आता एकदा येऊन गेलो आहोत, तर पुढच्या वेळी टेबल मिळणं सोपं जाईल ना?

यालाही मी मूर्खपणा म्हणणार नाही. २००८ मध्ये कॅलटेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वीस जणांना मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना वाइन पाजली. एकच वाइन एकदा दहा डॉलरची म्हणून, एकदा नव्वद डॉलरची म्हणून. नव्वदवाली त्यांना जास्त आवडली. आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, सुखद अनुभवाशी जोडलेल्या मेंदूच्या भागातली हालचालही खरोखर वाढलेली दिसली. बिस्किटांच्या प्रयोगात चव जागची हलली नव्हती, इथे आवडसुद्धा हलली. दोन्ही निष्कर्ष एकमेकांना पुरते जुळत नाहीत, आणि तेच ठीक आहे. जीभ कधी ऐकीव गोष्टीला बधत नाही, कधी बधते. खोपटात बसलेल्यांना सूप आवडलं असेल तर ते खरंच आवडलं असेल. त्यांची चव खोटी होती असं म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. त्यांना सूप कुठून आलं ते सांगितलं नाही, ही चूक मात्र खरी आहे.

कंपनीचं उत्तर आणि खरं नुकसान

ट्रिपॲडव्हायझरची बाजू अशी होती की खोटं रेस्टॉरंट उभं करून कोणाला काही मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात असं कोणी करत नाही. असं करतात ते त्यांची परीक्षा घ्यायला निघालेले पत्रकारच. त्यांचा भर खऱ्या व्यवसायांचे क्रमांक फिरवणाऱ्यांना पकडण्यावर आहे. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. खोपटाने उघडं पाडलं ते हे, की सगळा डोलारा खोटा असतानाही यंत्रणेला सहा महिने पत्ता लागला नाही. मग जिथे जागा खरी आहे, भटारखाना खरा आहे आणि रिव्ह्यूंतले फक्त तीस टक्के विकतचे आहेत, तिथे तो कसा लागणार?

आणि अशा ठिकाणी पैसा गुंतलेला असतो. हार्वर्डच्या मायकल लुका यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलमधल्या रेस्टॉरंटांचे आकडे तपासले. येल्प या रिव्ह्यूंच्याच दुसऱ्या संकेतस्थळावर एक स्टार वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. हा परिणाम मोठ्या साखळ्यांवर नव्हता, स्वतंत्र जागांवर होता. साखळीचं नाव लोकांना आधीच माहीत असतं. एकट्या चालवणाऱ्याला मात्र लोकांच्या बोलण्यावरच जगावं लागतं. पुढे लुका आणि जॉर्जिओस झर्वास यांनी बॉस्टनचे रिव्ह्यू पाहिले. जवळपास १६ टक्के येल्पनेच संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले होते. ज्यांचं नाव अजून झालेलं नाही किंवा ज्यांना आसपास स्पर्धा आहे, तिथे हा मोह जास्त दिसला. हे वाचलं की खोपटाकडे बघून हसू येत नाही. त्या यादीत दोन नंबरला, दहा नंबरला, पन्नास नंबरला जे कोणी खरेखुरे राबत होते, पहाटे भाजी निवडत होते, त्या सगळ्यांच्या डोक्यावर काही दिवस एक रिकामी लाकडी खोली बसली होती.

कायद्याने हळूहळू दखल घेतली. इटलीतल्या लेच्चे इथल्या न्यायालयाने २०१८ मध्ये खोटे रिव्ह्यू विकणाऱ्या एका धंद्याच्या मालकाला नऊ महिन्यांची कैद सुनावली. खुद्द ब्रिटनमध्ये २०२४ चा डिजिटल बाजार, स्पर्धा आणि ग्राहक यांविषयीचा कायदा आला. त्यातल्या तरतुदींनुसार ६ एप्रिल २०२५ पासून खोटे रिव्ह्यू लिहिणं, लिहवून घेणं यावर स्पष्ट बंदी आहे आणि ते रोखण्यासाठी वाजवी पावलं उचलणं ही रिव्ह्यू छापणाऱ्या संकेतस्थळांचीही जबाबदारी आहे. मोडणाऱ्या कंपनीला जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. हे चांगलं झालं, आठ वर्षांनी का होईना.

पण कायद्याच्या हाताला लागतो तो लिहिलेला रिव्ह्यू. फोनवर उच्चारलेलं 'सहा आठवडे जागा नाही' त्याच्या हाताला लागत नाही, आणि ते ऐकून आलेली ओढही लागत नाही. बटलरच्या हकीकतीत आलेल्या त्या सगळ्या फोनांपैकी एक माझ्या मनातून जात नाही. कोणीतरी सत्तराव्या वाढदिवसासाठी टेबल मागत होतं, कित्येक महिने आधी. म्हणजे घरातलं कोणीतरी सत्तरीला येत होतं आणि त्या माणसासाठी शहरातली सगळ्यात चांगली जागा शोधायला कोणीतरी बसलं होतं. त्याने यादी उघडली, वरचं नाव बघितलं, रिव्ह्यू वाचले, मेन्यू वाचला आणि फोन लावला. करायचं ते सगळं त्याने नीट केलं होतं.